आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मंडळी, नांगर चालू असताना बैल मध्येच बसला, तर जाणता शेतकरी काय करतो? तो नुसता चाबूक ओढत नाही. तो बैलाचा खांदा पाहतो. खांदा सुजला आहे का? खूर पाहतो. शेण पाहतो. पोटात जंत झालेत का? वैरण पुरी पडते का? कारण सापडले, की मग तो उपाय करतो.

पण घरातले माणूस थकून बसले, तर? आपण लगेच म्हणतो, "आळशी आहे." बैलाला जो न्याय, तो माणसाला का नको? आज आपण याच गोष्टीचा विचार करू.

एका घरची गोष्ट

एक शेतकऱ्याचे घर. घरात सासू, सासरे, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे. धाकटी सून चोवीस वर्षांची. तिला दोन मुले. धाकटे मूल दीड वर्षाचे, अजून अंगावर पिणारे.

ही सून पहाटे उठायची. शेणपाणी, झाडलोट, भाकऱ्या उरकून खुरपायला जायची. संध्याकाळी परत चूल होतीच. पुढे पुढे तिला थकवा येऊ लागला. हंडा घेऊन चढ चढताना धाप लागे. छाती धडधडे. बसून उठले, की डोळ्यांपुढे अंधारी येई. खुरपताना ती बायकांच्या मागे पडू लागली. चुलीची माती खावीशी वाटे. ती चोरून खाईही.

सासू म्हणाली, "आमच्या वेळी आम्ही दोन-दोन हंडे आणले. आताच्या पोरी नाजूक!" नवरा म्हणाला, "नजर लागली असंल." मग उतारा झाला. अंगारा झाला. बाजारातून शक्तीची म्हणून एक बाटली आणली. पैसे गेले, थकवा तसाच राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे हे झाले.

एके दिवशी लस द्यायची आठवण करायला आशाताई आल्या. त्यांनी सुनेकडे पाहिले. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. नखे पाहिली.

"मावशी, इकडं या. हिची पापणी आतून बघा. आता थोरल्या सूनबाईची बघा."

"अगं बाई! थोरलीची लाल हाय. हिची तर पांढरीफटक!"

"हिच्या अंगात रक्त कमी आहे. उद्या आरोग्य केंद्रात घेऊन या. रक्त तपासू."

"आधीच कमी, त्यात आणखी काढायचं व्हय?"

"थेंबभर लागतं, मावशी. पायात काटा मोडला तर त्याहून जास्त जातं."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "बारा हवे. हिचे आठ आहे."

बारा म्हणजे काय?

आपल्या रक्तात एक लाल पदार्थ असतो. त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू तो सगळ्या अंगाला पोचवतो. हात, पाय, डोके, काळीज, सगळे त्या प्राणवायूवर चालते. हिमोग्लोबिन म्हणजे जणू बैलगाडी आणि प्राणवायू म्हणजे माल. गाड्याच कमी झाल्या, तर माल पोचणार कसा? मग काळीज उरलेल्या गाड्या जोरात पळवते. म्हणून छाती धडधडते आणि धाप लागते.

लहान वाटीभर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन किती ग्रॅम आहे, ते मोजतात. बाईचे १२ च्या खाली नसावे. गरोदर बाईचे ११ च्या खाली नसावे. पुरुषाचे १३ च्या खाली नसावे. यापेक्षा कमी झाले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. कोणी पंडुरोग म्हणतात.

हा रोग एकट्यादुकट्या घरातला नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात शेकडा ५४ जणींना होता. पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होते. म्हणजे पाणवठ्यावर दहा बायका जमल्या, तर त्यांतल्या पाच जणींना हा रोग असू शकतो. त्या पाची जणी आळशी कशा असतील?

रक्त कमी का होते?

हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. लोह म्हणजे लोखंडाचा अंश. तो अन्नातून मिळतो. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आता आडातले पाणी कमी होते ते दोन वाटांनी. एक, झरा आटतो. दुसरी, आड कुठेतरी पाझरतो. रक्ताचेही तसेच आहे.

झरा का आटतो? पोटात लोह जात नाही म्हणून. आपल्या घरात बाई शेवटी जेवते. भाजी संपलेली असते. डाळीचे वरचे पाणी उरलेले असते. ती चटणी-भाकर खाते आणि वर चहा पिते. चहा जेवणाबरोबर घेतला, की अन्नातले लोह अंगी लागत नाही.

आणि पाझर कुठे? दर महिन्याच्या पाळीत रक्त जाते. काहींच्या अंगावरून फार जाते. बाळंतपणात जाते. एकापाठोपाठ बाळंतपणे झाली, तर झीज भरून निघायला वेळच मिळत नाही. शिवाय जंत. शेतात उघड्यावर शौचाला बसतात, त्या मातीत आकड्यासारख्या तोंडाच्या जंतांची पिल्ले वाढतात. ती अनवाणी पायाच्या कातडीतून अंगात शिरतात. आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात.

इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. वर्गात एक मुलगा नेहमी पेंगायचा. आम्ही त्याला "ढ" म्हटले, बाकावर उभे केले. पुढे दवाखान्यातल्या लोकांनी त्याला जंताचे औषध दिले आणि रक्ताच्या गोळ्या दिल्या. काही महिन्यांनी तोच मुलगा खो-खोत पुढे पळू लागला. आम्ही चाबूक ओढला होता, खांदा पाहिला नव्हता. त्याची टोचणी आम्हांला आजही आहे.

उपाय काय?

१. आधी तपासणी. रक्त तपासल्याशिवाय कारण कळत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

२. गोळी. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. रक्त बरेच कमी असेल, तर नुसत्या खाण्याने ते लवकर भरून येत नाही. गोळी लागतेच. ती जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी. चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. गोळीने शौचाला काळे होते. घाबरू नये. थोडे मळमळले, तर गोळी सोडून देऊ नये, ताईंना विचारावे. बरे वाटले, तरी डॉक्टर सांगतील तितके महिने ती घ्यावी. गोळीने मूल काळे होते, असे कोणी म्हणतात. ते खोटे आहे. मात्र गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मुलाने मूठभर खाल्ल्या, तर जिवावर बेतते.

३. अन्न. बाजरी, नाचणी, तीळ, हरभरा, मटकी, कुळीथ, माठ, शेवग्याचा पाला, यांत लोह आहे. बाळंतिणीला आपण अळीव देतो, त्यातही भरपूर आहे. कडधान्याला मोड आणून खा. लिंबू पिळा, आवळा किंवा पेरू खा. आंबटामुळे लोह अंगी लागते. भाजी लोखंडी कढईत करा. जे मांसाहार करतात, त्यांना मटण, कलेजी व मासळी यांतून चांगले लोह मिळते. चहा जेवणाच्या आधी किंवा नंतर तास-दोन तासांनी घ्या.

४. जंत. पायात चप्पल घाला. संडास वापरा. डॉक्टरांना विचारून जंताची गोळी घ्या. पहिल्या तीन महिन्यांच्या गरोदर बाईने ही गोळी घेऊ नये. शाळेत व अंगणवाडीत मुलांना ही गोळी देतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

५. विसावा. मोठ्या माणसाला सात-आठ तास झोप हवी. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर ठेवा.

एक सूचना. नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत सिकलसेल नावाचा रक्ताचा रोग आढळतो. तो आईबापांकडून मुलांत येतो. त्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. अशा रोग्याने आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टर सांगतील तसे करावे.

सगळा थकवा रक्ताचा नसतो

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे, ही क्षयाची खूण असू शकते. फार तहान आणि वारंवार लघवी, ही मधुमेहाची असू शकते. गळ्याजवळच्या ग्रंथीचे काम मंदावले, तरी माणूस सुस्त होतो. दारूने झोप बिघडते. मनावर दुःखाचे ओझे असले, तरीही अंग उचलत नाही. म्हणून थकवा दोन-तीन आठवडे हटला नाही, तर दवाखाना गाठा. आपल्या मनाने बाटल्या आणू नका.

पुढे काय झाले?

धाकट्या सुनेने गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरांनी जंताची गोळीही दिली. महिन्याभरात धाप कमी झाली. माती खावीशी वाटेना. तीन महिन्यांनी रक्त तपासले, ते अकराच्या वर गेले होते. गोळ्या अजून चालू आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या खेपेला सासूही केंद्रात बरोबर गेली होती. आशाताई म्हणाल्या, "मावशी, तुमचंही बोट द्या." सासूचे नऊ निघाले.

म्हातारी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे मलाबी तवापास्नं दम लागत व्हता, त्यो ह्याचाच? मला वाटायचं, बाईच्या जातीला असंच असतं."

मंडळी, असेच असते असे नाही.

त्या घरात आता एक रीत बदलली आहे. भाजी आधीच वाटून ठेवतात. सासू आणि सुना सगळ्यांबरोबर बसून जेवतात. पाण्याचा एक हंडा थोरला मुलगा आणतो. पहिल्या दिवशी शेजारी हसले. आता हसत नाहीत.

आज रात्री घरी गेल्यावर एवढे करा. घरात शेवटी कोण जेवते, ते पाहा. तिच्या ताटात काय उरले, तेही पाहा. मग उजेडात तिच्या डोळ्याची खालची पापणी पाहा.

आता सांगा

१. हिमोग्लोबिनचे काम काय?
२. गोळी चहाबरोबर का घेऊ नये?
३. सुनेला बरे वाटले, तरी गोळ्या का चालू ठेवल्या?
४. तुमच्या घरात कोणाला धाप लागते? त्यांना तपासणीला कधी नेणार? तो वार वहीत लिहा.