फिन्सबरी : एका मतदारसंघाचा इतिहास

लंडनच्या जुन्या तटबंदीबाहेर, उत्तरेच्या अंगास फिन्सबरी हा भाग वसलेला आहे. १८३२ पूर्वी पार्लमेंटात या भागाचा स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. इंग्लंडातील मतदारसंघांची रचना तोवर बव्हंशी मध्ययुगापासून चालत आलेली होती. सॅलिस्बरीजवळच्या ओल्ड सेरम या टेकडीवर वस्ती उरली नव्हती. तरीही तिच्या नावे दोन सभासद निवडले जात. उलट, कारागिरांनी गजबजलेली लंडनची उपनगरे मिडलसेक्स परगण्याच्या मतदारसंघातच मोडत.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने ही विसंगती अंशतः दूर केली. फिन्सबरीला दोन जागा मिळाल्या. मात्र मताचा अधिकार वर्षाला दहा पौंड भाडेमूल्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषांपुरताच मर्यादित राहिला. बहुसंख्य मजूर आणि सर्व स्त्रिया त्यापासून वंचितच राहिल्या.

नव्या मतदारसंघाने निवडलेल्या पहिल्या दोन प्रतिनिधींपैकी एक होते रॉबर्ट ग्रँट. त्या काळी पार्लमेंटाच्या शपथेत ख्रिस्ती श्रद्धेचा उल्लेख असल्यामुळे ज्यू धर्मीयांना सभासद होता येत नसे. त्यांच्यावरील निर्बंध उठविण्यासाठी ग्रँट यांनी आणलेले विधेयक १८३३ मध्ये कॉमन्स सभेने संमत केले; उमरावसभेने ते फेटाळले. १८३४ मध्ये त्यांनी ही जागा सोडली आणि १८३५ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले. मुंबईतील ग्रँट रोड आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय ही नावे त्यांचीच आठवण देतात.

यानंतर फिन्सबरी हा जहाल सुधारकांचा बालेकिल्ला बनला. घड्याळे बनविणारे, दागिने घडविणारे कुशल कारागीर येथील क्लार्कनवेल या वस्तीत राहत. तेथील क्लार्कनवेल ग्रीन हे मैदान राजकीय सभांसाठी प्रसिद्ध होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक टॉमस वॅक्ली यांनी १८३५ ते १८५२ या काळात फिन्सबरीचे प्रतिनिधित्व केले. त्यांचे सहकारी टॉमस डंकोम यांनी १८४२ मध्ये चार्टिस्टांचा अर्ज कॉमन्स सभेपुढे मांडला. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार व गुप्त मतदान या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. अर्जावर तेहतीस लक्षांहून अधिक सह्या असल्याचे सांगण्यात आले. पण अर्जदारांचे म्हणणे ऐकून घेण्याचा ठराव सभेने ४९ विरुद्ध २८७ मतांनी नामंजूर केला. ज्यांना मत नव्हते अशा लोकांचे गाऱ्हाणे मांडण्याचा फिन्सबरीच्या प्रतिनिधींचा हा प्रघात पुढील घटनांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१८६७ व १८८४ च्या कायद्यांनी मताधिकाराची कक्षा रुंदावली, आणि १८८५ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली. इस्लिंग्टन वेगळे होऊन फिन्सबरीचे होबर्न, पूर्व फिन्सबरी व मध्य फिन्सबरी असे एकेका जागेचे तीन विभाग पडले. पैकी होबर्नमधून १८८६ मध्ये दादाभाई नौरोजी उदारमतवादी पक्षातर्फे उभे राहिले व मोठ्या फरकाने पराभूत झाले. १८८८ मध्ये त्या पराभवाचा उल्लेख करताना पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी एडिंबरो येथे दादाभाईंना ‘काळा माणूस’ म्हणून हिणविले; इंग्रज मतदारसंघ अशा माणसाला निवडील असे आपणांस वाटत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या उद्गारांचा परिणाम उलटाच झाला. अनेक इंग्रजांनी त्यांचा जाहीर निषेध केला आणि दादाभाईंचे नाव देशभर पोहोचले.

या सुमारास दादाभाईंनी मध्य फिन्सबरीकडे लक्ष वळविले होते. स्थानिक उदारमतवाद्यांत उमेदवारीवरून बराच तंटा माजला, तरी ते मागे हटले नाहीत. १८९२ च्या निवडणुकीत त्यांनी हुजूर पक्षाचे सभासद फ्रेडरिक पेंटन यांचा अवघ्या पाच मतांनी पराभव केला. ‘नौरोजी’ या नावाशी उच्चारसाम्य साधून विनोदी लोक त्यांना ‘नॅरो मेजॉरिटी’, म्हणजे निसटते मताधिक्य, असे म्हणू लागले. बायबलाऐवजी खोर्देह अवेस्ता हातात घेऊन त्यांनी शपथ घेतली. ग्रँट यांच्या विधेयकाला तेव्हा एकोणसाठ वर्षे लोटली होती.

क्लार्कनवेलच्या मतदारांनी दादाभाईंना केवळ हिंदुस्थानसाठी निवडले, असे मानणे बरोबर होणार नाही. ते आयर्लंडच्या स्वराज्याचे पुरस्कर्ते आणि ग्लॅडस्टन यांच्या पक्षाचे उमेदवार होते. तथापि ज्या कोट्यवधी हिंदी प्रजेला एकही मत नव्हते, तिची बाजू या पाच मतांमुळे पार्लमेंटात मांडली गेली. सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंड व हिंदुस्थान या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घ्याव्यात, असा ठराव १८९३ मध्ये कॉमन्स सभेने ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत केला. सरकारने तो अमलात आणला नाही, ही गोष्टही तितकीच बोधप्रद आहे. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारे वेल्बी आयोग नेमले गेले, आणि दादाभाई त्याचे एक सभासद झाले.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत हुजूर पक्षाचे विल्यम मॅसी-मेनवेअरिंग यांनी त्यांचा पराभव केला. १९०६ मध्ये ही जागा मजूर चळवळीतील विल्यम स्टेडमन यांनी जिंकली. १९१० मध्ये ती पुन्हा हुजूर पक्षाकडे गेली. १९१८ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील बहुतेक सर्व पुरुषांना आणि तीस वर्षांवरील अनेक स्त्रियांना मत मिळाले. त्याच वर्षीच्या फेररचनेत मध्य फिन्सबरी हा मतदारसंघ नाहीसा झाला. फिन्सबरीची एकच जागा उरली. १९५० मध्ये ती शोरडिचशी आणि १९७४ मध्ये दक्षिण इस्लिंग्टनशी जोडली गेली.

मध्य फिन्सबरीचे आयुष्य अवघे तेहतीस वर्षांचे. मतदारसंघाच्या सीमा कायद्याने आखल्या जातात व कायद्यानेच पुसल्या जातात. त्या सीमांच्या आत मतदारांनी कोणता निर्णय घेतला, एवढेच इतिहासात उरते. आज क्लार्कनवेलमध्ये नौरोजींच्या नावाचा एक रस्ता आहे. मुंबईतील ग्रँट रोड आणि हा रस्ता, ही दोन्ही नावे फिन्सबरीच्या मतदारांनी निवडलेल्या दोन प्रतिनिधींची आहेत.