संगणक बंद पडला, की त्याचा वीजपुरवठा?



गेल्या वळवाच्या पावसात कागलच्या आमच्या अभ्यासिकेतला संगणक कुरकुर करू लागला. सुरू व्हायचा, पण स्कॅनिंगचे काम काढले की अचानक काळा पडायचा. पाड्यावरच्या अकरा मुलांचे जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे त्यातच होती, आणि अर्जाची मुदत जवळ आली होती. दुरुस्तीवाल्यांनी मशीन न उघडताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." हा संगणक आपल्यापैकीच एका कुटुंबाने दिलेला, त्यामुळे भंगारात टाकायला मन धजेना. शोध घेतला तेव्हा दोष एसएमपीएसमध्ये निघाला. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारी ही पत्र्याची पेटी. आपल्या मंडळीत, शाळेत किंवा घरी असाच प्रसंग आला तर पुढील क्रमाने तपासा.

१. आधी बाहेरचे बघा. त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून पाहा. केबल बदला. पेटीच्या मागचे बटण चालू आहे का? मध्ये यूपीएस असेल तर तो काढून थेट जोडा. मॉनिटरचा दिवा लागला म्हणजे संगणक चालू आहे असे समजू नका. दोघांची वीज वेगळी असते.

२. लक्षणे लिहून ठेवा. बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो, जड काम काढताच मशीन बंद पडते, जळका वास येतो, ही एसएमपीएसवर संशय घेण्याची कारणे. मात्र प्रत्येक वेळी तारीख-वेळ चुकत असेल तर बहुधा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो दोष वेगळा.

३. मग कॅबिनेट उघडा. प्लग काढा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. धूळ झटका. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर, प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा छोटा कनेक्टर आणि रॅम काढून पुन्हा घट्ट बसवा. सीडी ड्राइव्हसारखे जास्तीचे भाग तूर्त सोडवा. काही वेळा दुरुस्ती इथेच होते.

४. व्होल्ट मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. मशीन चालू असताना चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये काळी टोचणी काळ्या तारेच्या पिनेला आणि लाल टोचणी पिवळ्या तारेच्या पिनेला लावा. ११.४ ते १२.६ दिसायला हवे. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. दोन टोचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. आमच्याकडे रिकामे असताना ११.८ होते, स्कॅनिंग सुरू होताच १०.९ झाले आणि मशीन बंद पडले. म्हणूनच पंखा फिरतो एवढ्यावर एसएमपीएसला निर्दोष ठरवू नये. काम चालू असतानाच मोजावे.

५. शेवटचा पुरावा. चालू असलेल्या दुसऱ्या संगणकाचा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहा. दोष गेला तर पेटी बदला. तसाच राहिला तर रॅम किंवा मदरबोर्डकडे वळा. काही कंपन्यांच्या मशीनचे कनेक्टर वेगळे असतात. ते जुळत नसतील तर जबरदस्ती करू नका.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा: एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. तिच्यातील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. अशी पेटी दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता बदलणे शहाणपणाचे. नवी घेताना केवळ स्टिकरवरचे वॅट वाचू नका. कनेक्टर आणि आकार जुळतो का ते बघा, आणि खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्या. वीज सारखी ये-जा करत असेल तर यूपीएस लावा आणि ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवा.

आमची नवी पेटी बसली, संगणक उभा राहिला आणि अकराही मुलांचे अर्ज मुदतीत गेले. तरीही एक धडा उरला. ते कागद एकाच मशीनमध्ये होते, ही चूक आमची. आता दर शनिवारी सर्व कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती वेगळ्या कपाटात ठेवतो.

आपल्या घरी जुना संगणक पडून असेल आणि तो द्यावा असे मनात असेल, तर आधी वरील तपासणी करा, आपली खासगी माहिती पुसून टाका आणि काही दोष असेल तर चिठ्ठीवर स्पष्ट लिहून सोबत ठेवा. दोष सांगून दिलेले मशीनही आम्हांला उपयोगी पडते, कारण त्याचा एखादा चांगला भाग दुसऱ्या संगणकाला जीवदान देतो. मात्र ज्याचा कशालाच उपयोग नाही ते कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

आणि कोणी "मदरबोर्ड गेला" असे म्हटले, तर नम्रपणे विचारा, "व्होल्ट मोजले का?"