कुमारवयीन आत्मस्वीकार : श्याम, दगडू आणि लंपन

मराठी कुमारवाङ्मयाची चर्चा करताना ‘अंतःसौंदर्य’ ही संज्ञा आपण फार सहजपणे वापरतो. बाह्य रूपापेक्षा मनाचे सौंदर्य श्रेष्ठ, हे सूत्र साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने मराठी मनात खोल रुजविले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला आई मनाच्या स्वच्छतेकडे वळविते. प्रसंग हृद्य आहे. परंतु येथे मुलाला स्वतःचा स्वीकार करावयाचा नसून स्वतःला घडवावयाचे आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. शिवाय सांगणारा श्याम प्रौढ आहे आणि त्याच्या पाठीशी आईचे निःशंक प्रेम आहे. ज्या मुलाच्या देहाला, नावाला वा वस्तीलाच समाज मलिन मानतो, त्याला हे सूत्र कितपत पुरे पडेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना नगर जिल्ह्यातीलच एका लेखकाकडे वळावे लागते. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. ते आत्मकथन आहे, कुमारांसाठी लिहिलेले नाही. त्यामुळे कुमारवाङ्मयाच्या चर्चेत त्याला सहसा स्थान मिळत नाही. पण त्याचा फार मोठा भाग गाव आणि मुंबईतील कावाखाना यांच्यामध्ये वाढणाऱ्या मुलाचा आहे. येथील रचनायुक्ती विशेष विचारार्ह ठरते. शहरात स्थिरावलेला, प्रतिष्ठा लाभलेला दया पवार आणि मागे राहिलेला दगडू मारुती पवार, अशा दोन व्यक्ती लेखकाने कल्पिल्या आहेत. कहाणी दगडू सांगतो, दया पवार ऐकतो. ही केवळ निवेदनाची सोय नव्हे. शिक्षणाने मुलाला वर काढले. परंतु त्याच शिक्षणाने आपल्या माणसांची, आपल्या वस्तीची लाजही त्याच्या मनात पेरली. ज्याला टाळले त्याच्यासमोर बसून त्याचे सारे ऐकून घेणे, एवढाच आत्मस्वीकार येथे शक्य आहे. तो सुखद नाही. दगडू आणि दया पवार एकजीव होत नाहीत, आणि तसे दाखविण्याचा मोह लेखकाने आवरला आहे, हे त्याचे मोठेच यश म्हणावे लागेल. ‘अंतःसौंदर्य’ हा शब्द येथे उच्चारला तरी तो विद्रूप वाटेल; कारण दोष मुलाच्या रूपात नाही, पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे.

प्रकाश नारायण संतांचा लंपन (‘वनवास’, १९९४) अगदी वेगळ्या जगातला. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील कानडी वळणाच्या गावात आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा सुरक्षित आहे, पण एकटा आहे. आपले मन इतरांसारखे चालत नाही याचे त्याला नवल वाटते, लाज वाटत नाही. तो प्रौढाच्या आठवणीतून नव्हे, तर मुलाच्याच भाषेत बोलतो. त्यामुळे त्याला समजावणारा, सुधारणारा स्वर कथेत शिरत नाही. पुढच्या ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या संग्रहांतही हे पथ्य संतांनी सांभाळले आहे. मात्र लंपनला हा निवांतपणा कोणत्या सामाजिक स्थानामुळे मिळतो, हे ‘बलुतं’ शेजारी ठेवून वाचल्याखेरीज उमगत नाही.

सावळ्या मुलीचा प्रश्न मराठीत बहुधा ‘दाखविण्या’च्या प्रसंगातून, म्हणजे विवाहाच्या बाजारातूनच हाताळला गेला, त्याआधीच्या तिच्या कुमारवयाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने एक मुद्दा उरतो. नागापूरसारख्या, औद्योगिक वसाहतीच्या कडेने वाढलेल्या गावातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी घरी एका बोलीत आणि वर्गात दुसऱ्या भाषेत वावरत असतो. त्याच्यापुढे ‘बलुतं’ केवळ ‘दलित आत्मकथन’ या सदराखाली ठेवले, तर दगडूची लाज ही दुसऱ्या कुणाची तरी समस्या ठरते. श्याम, दगडू आणि लंपन यांना एकाच तासिकेत समोरासमोर आणले, तर चर्चा बहुधा आईपासून सुरू होईल आणि नावापाशी येऊन अडेल.