आधी पाणी, मग बाकी सगळं

खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली. त्यांतलंच आमचं सासर, चेन्नईच्या साहुकारपेटात स्थिरावलेलं. चांदी 962 अंशांना वितळते, सोनं 1064 ला. पण मूस उलटून भाजल्याचं आमच्याकडे क्वचितच ऐकू येतं, कारण लालबुंद भट्टीला माणूस बिचकून असतो. घात करतं ते डब्यातलं थंडगार तेजाब, म्हणजे आम्ल.

माझ्या धाकट्या दिरांच्या हातावर नायट्रिक सांडलं, तेव्हा एक पोरगा खाण्याचा सोडा घेऊन धावला. आम्लावर सोडा, शाळेत शिकलेलंच. म्हाताऱ्या कारागिराने त्याला अडवलं. सोडा आणि आम्ल एकत्र आले की उष्णता निघते, आणि ती आधीच पोळलेल्या कातडीत उतरते. त्यांनी भिजलेली बाही कापून टाकली आणि हात पाण्याच्या धारेखाली धरून ठेवला. दीर ओरडत होते, तरी सोडला नाही. कातडी पिवळी पडली, व्रण राहिला, पण बोटं वाचली.

पाण्याची धार म्हणायला सोपी आहे. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले, टँकरपुढे प्लास्टिकच्या घागरींच्या रांगा लागल्या. नळ कोरडा असेल त्या दिवशी तेजाब काही थांबणार नाही. म्हणून भट्टीच्या खोलीत झाकण लावलेलं भरलेलं पिंप हवंच, आणि त्यातलं पाणी दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. तेजाबातून तांबूस धूर निघाला तर खोली सोडा. छातीचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे लगेच बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

पुढे ओळखीच्या एका बाईंना भेटायला कीळपाक मेडिकल कॉलेजच्या भाजलेल्यांच्या विभागात गेले आणि या दुखण्याची दुसरी बाजू दिसली. माणूस कुठे राहतो, काय करतो, यावर त्याचं भाजणं ठरतं. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या, आत धरलेली निखाऱ्यांची कांगडी पोळते. आपल्या गावाकडे चूल जमिनीवर, म्हणून रांगतं पोर उकळत्या आमटीत हात घालतं. चेन्नईत स्वयंपाकाच्या वेळी अंगात पॉलिएस्टरची नाइटी असते. ती पेटली की वितळून कातडीला चिकटते. कार्तिगैच्या दिव्यांच्या सणाला उंबऱ्यावर पणत्यांची ओळ असते, आणि वरून ओढणी लोंबत असते. स्वयंपाक करताना, दिवे लावताना सुती आणि अंगासरशी कपडे घाला, हे मी प्रत्येक नव्या सुनेला सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भाजून दरवर्षी जगात सुमारे 1 लाख 80 हजार माणसं जातात. आपल्या भागात त्यांत बायका फार. आणि सगळं काही नाइटीवर ढकलता येत नाही. "स्टोव्ह भडकला," असं नवरा किंवा सासू सांगत असते आणि खाटेवरची बाई छताकडे बघत असते. अशा वेळी नातेवाइकांना बाहेर काढा, तिच्याजवळ एकटं बसा, तिचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत आणि दंडाधिकाऱ्यांपर्यंत पोचेल असं बघा. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. चेन्नईत पीसीव्हीसी ही संस्था 2001 पासून अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी काम करते, भाजलेल्यांसाठीही. तिथे जायला लाजू नका.

आगीने किंवा वाफेने भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. तेजाब असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. बर्फ नको. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीच नको, कारण ते खरवडून काढताना कातडी सोबत येते. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज चढायच्या आत उतरवा. चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीने कापा. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून 108 ला फोन करा.

घरी आल्यावर सगळे सुटलो म्हणतात, पण खरी चिकाटी तिथून लागते. व्रण आकसतो, सांधा ओढला जातो. त्यासाठी रोज व्यायाम आणि दिवसातले 23 तास घालायचा घट्ट पट्टा, तोही अनेक महिने. चेन्नईच्या मे महिन्यात तो अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षाच, आणि बहुतेक जण इथेच सोडतात. पट्टे दोन शिवून घ्या, एक धुवायला, एक हाताला. दिरांचं मनगट आज पूर्ण वळतं ते त्यामुळेच.