बूच न तुटता निघावं म्हणून

प्रश्न : वाइनची बाटली उघडताना बूच अर्ध्यात तुटतं, भुगा आत पडतो. कोणता ओपनर घ्यावा?

उत्तर : मधे भरीव दांडा असलेला स्क्रू बूच पोखरतो. त्याऐवजी तारेच्या वेटोळ्यासारखा, मधून पोकळ, टोकदार स्क्रू बघा. त्याला पाचेक वेढे हवेत. हॉटेलातले वेटर खिशात ठेवतात तो घडीचा ओपनर सर्वांत भरवशाचा. जर्मनीच्या कार्ल वीन्के यांनी १८८२मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातही दोन खाचांची पट्टी असलेलाच निवडा. स्क्रू बरोबर मधोमध फिरवा. पहिली खाच बाटलीच्या काठाला टेकवून बूच अर्धं वर आणा, मग दुसरी टेकवून सरळ उचला. बूच वाकत नाही, म्हणून तुटत नाही. फार जुन्या बाटलीचं बूच मात्र ठिसूळ झालेलं असतं. तिथे दोन पात्यांचा ओपनरच वापरा.