नागपुरात हस्की पाळावा का?

प्रश्न : आम्ही नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाने सायबेरियन हस्कीचा हट्ट धरलाय. घ्यावा का?

उत्तर : कृपा करून घेऊ नका. सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून स्लेज ओढण्यासाठी जोपासलेली ही जात. अंगावर केसांचे दोन थर, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर! केस भादरूही नयेत. उन्हापासून तेच त्वचेला जपतात. एसीत कोंडलेला हस्की कंटाळून सोफा फाडतो, तासन्‌तास हेल काढून रडतो, दार उघडं दिसलं की धूम ठोकतो. आपला कारवान हाउंड उन्हाला सरावलेला, पण त्यालाही पळायला मोकळं रान लागतं. त्यापेक्षा वयात आलेलं, शांत गावठी कुत्रं दत्तक घ्या. त्याचा स्वभाव घरी आणण्याआधीच पारखता येतो. मुलाला सोबत न्या, दोन-तीनदा भेटू द्या.