हुशार पोरीला मॉनिटर करू नको

ठाण्यात मानपाड्याच्या आतल्या बाजूची शाळा मिळाली म्हणतेस, बरं झालं. घोडबंदर रोडच्या एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला येऊरच्या डोंगरातले पाडे. तुझ्या वर्गात पाड्यावरची पोरं असतील, बांधकामावर आलेल्यांचीही असतील.

पहिला महिनाभर कुणालाही हुशार म्हणू नकोस. अक्षर वळणदार, हात सतत वर, असं पोर लगेच नजरेत भरतं. तल्लख पोर बहुतेकदा मागे चुळबुळत बसलेलं असतं, नाहीतर गैरहजर. पावसाच्या तोंडावर रस्त्याकडेला आईबरोबर शेवळांची रानभाजी विकणारी पोरगी बघ. गिऱ्हाइकानं घासाघीस करून तीन जुड्या घेतल्या, शंभराची नोट पुढे केली, की हिची सुटी मोड तयार. शेवळांबरोबर काकडाची फळं कशाला, असं विचार. नाहीतर घसा खाजतो, हे तिला ठाऊकच असतं. मग पुढचं विचार: काकडांऐवजी चिंच चालेल का गं? तिथे ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी आजीला विचारून, वर स्वतःची शंका घेऊन आली, तर समज, सापडली.

सापडली की तिला मॉनिटर मात्र करू नकोस. गणित आधी सुटलं की ‘जा, बाकीच्यांच्या वह्या तपास’ ही आपणा बायांची जुनी खोड. आपल्याला फुकटची मदतनीस मिळते आणि तिचं वर्ष वाया जातं. त्यापेक्षा उत्तर तू दे, गणित तिला बनवू दे.

वारली बोलणाऱ्या घरातल्या पोराला पेपरातला शब्द अडतो, गणित नाही. तोंडी विचारून बघ. आणि गैरहजेरीवर चिडू नकोस. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली होती. इथली पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. त्याला घेऊन ये म्हण. रडला तर रडेल.

आता कागद. हुशार पोरं शिकवण्यावाचून कमी आणि कागदावाचून जास्त अडतात, असं माझं मत आहे. नवोदय विद्यालयाचा फॉर्म पाचवीत भरतात. 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, पण आपला पट्टा महापालिकेत, म्हणजे डोंगरात राहणारं पोरही कागदावर शहरी. तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेतच लागते, त्यामुळे मुरबाडहून चौथीत आलेल्याचीही ती जागा जाते. फॉर्म भर, पण सगळी भिस्त त्यावर नको.

हुकमाचा एक्का म्हणजे आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीला, तिथे आपली पोरं चमकतात. पण आधार, बँक खातं आणि शाळेचं रजिस्टर यांत नाव एकसारखं लागतं, म्हणून सहावीतच ताडून बघ. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 1950 पूर्वीचा पुरावा मागतात, आजोबांचा कागद शोधण्यात महिने जातात. तुझी शाळा सातवीला संपत असेल तर पुढच्या मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन नावं सांग, चिठ्ठी पाठवून भागत नाही.

होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला असते, मराठीतून देता येते. फी कोण भरेल ते आधी बघ. बालविज्ञान परिषदेत 10 ते 17 वर्षांची मुलं परिसरातला प्रश्न घेऊन प्रकल्प करतात. विषय बसला तर शेवळं-काकडं तिथेच ने.

परीक्षेच्या दिवशी पोरांना घेऊन सकाळी लवकर निघ. गायमुखला एक कंटेनर बंद पडला की रस्ता तुंबलाच म्हणून समज. पोरांचे डबे तू ने, आणि प्रत्येकाच्या प्रवेशपत्राची झेरॉक्स तुझ्या पर्समध्ये असू दे.